करवंददरीची नवी वाट

पहिला माणूस जातो तेव्हा गवत नुसतं वाकतं. दहावा जातो तेव्हा ते उठायचं विसरतं. शंभरावा जातो तेव्हा खालची माती दिसायला लागते, आणि मग इथं कधी गवत होतं हे कुणाला सांगितलं तरी पटत नाही. सेनगाव तालुक्यातल्या वडदरी गावाला हे शिकवायला कुणी लागत नाही. तरी हेच मोजायला, टेप लावून, वहीत लिहून घ्यायला गावचीच एक पोरगी विद्यापीठातून परत आली, तेव्हा पारावर दोन दिवस दुसरा विषय निघाला नाही.

पोरगी म्हणजे मुंजाजी गवंड्याची दीक्षा. वय चोवीस. नांदेडला पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसाची आठवण घरात चालती-बोलती राहावी म्हणून नातीला हे नाव मिळालं होतं. फिरायला येणारी माणसं रानाचं काय करतात आणि रान त्या माणसांचं काय करतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. बापाला तिनं तो समजावून सांगितला तेव्हा मुंजाजी थापी धूत होता. तो म्हणाला, "माय, मानसं रानात जेवतेत आन् कचरा टाकून येतेत. ह्याला दोन वर्षं?"

करवंददरी म्हणजे गावामागचा डोंगर. पूर्वी तिथं गुरं जात, सीताफळं तोडायला बाया जात. सात-आठ वर्षांमागं वनखात्यानं पायथ्याला फाटक बसवलं, मधल्या माळावर लोखंडी मनोरा उभा केला, तळ्याकाठी दोन झोके टांगले आणि डोंगराचं उद्यान झालं. आता श्रावण लागला की हिंगोली, रिसोड, जिंतूर, वसमत, कुठून कुठून गाड्या येतात. कुणी डबे घेऊन येतं, कुणी केक घेऊन, कुणी लग्नाआधीचे फोटो काढायला फोटोवाला घेऊन. धावड्याच्या खोडावर नावं कोरतात, मोर दिसला की मोबाईल काढून त्याच्या मागं धावतात आणि संध्याकाळी गाडीत बसताना म्हणतात, काय शांतता आहे इथं.

दीक्षानं डोंगरावर बारा तुकडे निवडले. एकेक दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. सहा वाटेच्या कडेचे, रोज तुडवले जाणारे. त्यांना ती चालते तुकडे म्हणायची. सहा आडबाजूला, झाडीत, जिथं कुणी फिरकत नाही असे. ते कोरे तुकडे. दोन्हींतलं गवत आणि रोपं मोजायची, लोखंडी सळई दाबून माती किती घट्ट झाली ते बघायचं, आणि जो फरक निघेल तो लिहायचा. कोरा तुकडा कोरा राहिला तरच फरक काढता येणार होता. तिची पदवी त्या सहा तुकड्यांवर उभी होती. म्हणून तिनं एक नेम केला. कोऱ्या तुकड्यांत आपलीसुद्धा पावलं पडायला नकोत. ज्येष्ठात एकदा मोजायचं, मग सगळा हंगाम तिकडं जायचंच नाही, दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्यांदा मोजायचं.

चालत्या तुकड्यांना वाटेवरच्या झाडांच्या खुणा पुरल्या. कोऱ्यांना कोपऱ्यांत खुंट्या ठोकू द्या, असं तिनं वनपाल विश्वंभर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, खुंटी रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, पायात घुसेल, आणि रंगही फासायचा नाही. मग तिनं बापाला सोबत नेलं. मुंजाजीनं प्रत्येक कोऱ्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांत चार-चार दगड एकावर एक रचून दिले, खाली थोरला, वर धाकटा. गवंड्याचा हात तो. वाऱ्यानं हलणार नाही, शेळीच्या धक्क्यानं पडणार नाही. खाली उतरताना त्यानं मागं वळून एकदा आपल्या कामाकडं बघितलं आणि त्याला बरं वाटलं.

फाटकावर तिकिटं फाडायला निता बसायची, आणि दीक्षाचं दुखणं तिथंच होतं.

निता आणि दीक्षा पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या. शाळेच्या ओसरीवरच्या फळ्यावर गुरुजी खडूनं निकाल लिहीत. दहा वर्षं पहिलं नाव निताचं आणि त्याच्या खाली दीक्षाचं. दीक्षानं पाठांतर केलं, सोडवलेली गणितं पुन्हा सोडवली, अक्षर वळवलं. नववीत वार्षिक परीक्षेला निता तापानं फणफणलेली होती, अंगाभोवती चादर गुंडाळून पेपरला बसली, आणि तरी दोन मार्कांनी वर राहिली. तो ताप आणखी दोन दिवस टिकायला हवा होता असं दीक्षाला वाटलं होतं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बारावीनंतर निताचं लग्न झालं, आत्याच्याच भागवतशी, गावातल्या गावात. तो सेनगावची जीप चालवतो. निताचं पुढचं शिक्षण राहिलं. दीक्षा नांदेडला गेली, तिथं एका सहामाहीला वर्गात पहिली आली. तिला आनंद झाला, पण अर्धाच. ज्या फळ्यावर ते नाव लिहून यायला पाहिजे होतं तो फळा वडदरीत राहिला होता.

संशोधनाच्या पहिल्या दिवशी ती फाटकावर आली तेव्हा निता स्टुलावरून उठली आणि म्हणाली, "या मॅडम. शिकलेल्या मानसाला तिकीट न्हाई."

दोघी हसल्या. मॅडम हा शब्द दीक्षाला क्षणभर गोड लागला. वाटेनं चार पावलं गेल्यावर तिला उमगलं की लहान लेकराला आपण राजा म्हणतो तसं निता तिला मॅडम म्हणाली होती.

डोंगरावर पावसाळा सरता सरता कुसळी गवत वाळतं. त्याचं कुसळ कपड्यात शिरलं की चालताना पुढंच सरकत राहतं, उलटं निघत नाही. दीक्षाच्या मनात निताचं कुसळ असंच सरकत होतं, आणि उद्यानात रोज एक नवं निमित्त मिळत होतं.

पहिलं निमित्त प्रश्नांच्या कागदाचं. दीक्षानं पाहुण्यांसाठी एकवीस प्रश्न काढले होते. तुम्ही का येता, किती वेळा येता, इथं कशाची तकलीफ झाली. ती गळ्यात ओळखपत्र अडकवून झोक्यापाशी उभी राहायची. तिला बघून लोक केस सारखे करत, पोरांना गप्प बसवत आणि शाळा-तपासणीला उत्तरं द्यावीत तशी देत. सगळं छान आहे. स्वच्छता ठेवली पाहिजे. झाडं लावली पाहिजेत. साठ कागद भरले आणि साठांवर जवळजवळ एकच हस्ताक्षर असावं तसा मजकूर आला.

तीच माणसं उतरताना फाटकापाशी माठातलं पाणी प्यायला थांबत आणि निताजवळ मोकळी होत. रिसोडचा एक मास्तर दर रविवारी यायचा, कारण घरी त्याला कुणी गप्प बसू देत नव्हतं. वसमतच्या हळदवाल्यांच्या घरची एक सून यायची, कारण आठवड्यात हा एकच दिवस असा की तिला कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नव्हतं. एका पोरानं धावड्यावर नाव कोरलं होतं, पुढं ते लग्न मोडलं, आता तो दर महिन्याला साल भरून आली का ते बघून जायचा. निता हे सगळं सीताफळ खात खात, बिया बाजूला मांडत दीक्षाला सांगायची. फुकट, हातचं काही न ठेवता. दीक्षा लिहून घ्यायची आणि प्रत्येक ओळीगणिक पेन जास्त दाबायची. आपण दोन वर्षं प्रश्न कसे काढायचे ते शिकलो, आणि ही स्टुलावर बसून उत्तरं गोळा करते.

दुसरं निमित्त सरांचं. दीक्षाचे मार्गदर्शक व्यंकटराव सर भाद्रपदात एक दिवस काम बघायला आले. डोंगर अर्धाच चढले, गुडघे दुखायला लागले म्हणून फाटकाशी येऊन बसले आणि तासभर निताशी बोलत राहिले. जाताना जीपमध्ये चढता चढता त्यांनी दीक्षाला एवढंच सांगितलं, की माणसाला बोलतं कसं करायचं ते त्या मुलीकडून शिकून घ्या. सर बोलले आणि विसरले. दीक्षाला ते वाक्य जेवताना आठवायचं, कपडे धुताना आठवायचं, नांदेडच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपल्यावरही आठवायचं.

आश्विन संपत आला. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी दीक्षा सळई आणि टेप घेऊन ज्येष्ठानंतर पहिल्यांदाच कोऱ्या तुकड्यांकडं निघाली. झाडीच्या तोंडाशी तिला एक पाऊलवाट लागली. ज्येष्ठात ती तिथं नव्हती. पळसाच्या रोपांना वळसा घालून, बाभळीच्या काट्यांना चुकवून वाट तिसऱ्या तुकड्यापाशी जाऊन थांबत होती.

तिसऱ्या तुकड्यात गवत उरलं नव्हतं. चार कोपऱ्यांतल्या चार-चार दगडांच्या आजूबाजूला दगडांची दाटी झाली होती. तीन दगडांची घरं, पाच दगडांची घरं, दोन मजली, अंगणवाली. एका घराला कुणीतरी सीताफळाच्या पानाचं दार लावलं होतं, एकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल सुकून पडलं होतं. उतारावरचे पाणी अडवणारे दगडी बांध लोकांनी उकरून दगड आणले होते, आणि जिथून दगड निघाला तिथून माती वाहून चालली होती. ज्येष्ठात सळई वीतभर आत गेली होती. आज ती दोन बोटांवर अडली.

ती पहिल्याकडं गेली, चौथ्याकडं गेली. सहापैकी पाच तुकड्यांची तीच गत. सहावा तेवढा वाचला होता, कारण त्याच्यावरच्या फांदीला आग्या मोहोळ लटकलं होतं. एका तुकड्यावर प्रबंध होत नाही. दीक्षा खाली बसली. हातातली सळई तिनं मातीत टेकवली होती, ती तशीच धरून राहिली.

बसल्या जागेवरून तिला झाडांच्या फटीतून उतार दिसत होता. खाली निता तीन बायांबरोबर उभी होती. एक हात उंच करून ती त्यांना वाट दाखवत होती. दीक्षाला दिसलं ते एवढंच, की निताचा हात झाडीच्या दिशेनं उचललेला आहे.

दीक्षानं त्यावर फार विचार केला नाही. दहा वर्षं तयार असलेला निकाल होता, त्याला आज बसायला जागा मिळाली. तिनंच लोकं इकडं पाठवली. आपलं काम काय आहे हे तिला बराबर माहीत होतं. माणसं रानाचं काय करतात ते मोजतेय, हे आपणच तर तिला मोठ्या तोंडानं समजावून सांगितलं होतं.

निताला जाऊन विचारणं दोन मिनिटांचं काम होतं. दीक्षा तिच्याकडं गेली नाही. वनपाल विश्वंभर साहेब त्या दिवशी फेरीला आले होते, मनोऱ्याखाली वनरक्षकाशी बोलत उभे होते. ती त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, तिकिटावरची बाई लोकांना बंद झाडीत पाठवते, माझे पाच तुकडे तुडवले गेले, वर्ष वाया गेलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण वनरक्षकासमोर तक्रार झाली होती, आणि निता रोजंदारीवर होती. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. ते म्हणाले, सोमवारपासून दुसरी बाई लावतो.

दीक्षा खाली उतरली तेव्हा निताला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं फडक्यात बांधलेली चार सीताफळं दीक्षाच्या हातात दिली. "भागूमावशीला दे. डोळे उघडलेत, दोन दिसात पिकतील."

दीक्षानं ती घेतली. घरी तिच्या आईनं, भागूबाईनं, ती कणगीत धान्यात पुरली. रविवारी सकाळी मुंजाजीनं त्यातलं एक फोडलं, खाल्लं आणि म्हणाला की असा गोड दाणा यंदा पहिलाच. दीक्षानं पोट भरलंय म्हणून सांगितलं.

त्याच रविवारी ती निताला रंगेहाथ पकडायला डोंगरावर गेली. आता तक्रार केलीच आहे तर ती खरी निघायला पाहिजे होती. तिसऱ्या तुकड्याजवळ पळसाच्या बुंध्याशी ती वही उघडून बसली. तिथून फाटक दिसत होतं. निता स्टुलावर बसून तिकिटं फाडत होती, जागची हलत नव्हती.

अकराच्या सुमाराला मनोऱ्यावरून एक म्हातारी आणि तिची सून उतरल्या. फाटकाकडं त्यांनी बघितलंही नाही. सरळ नव्या वाटेला लागल्या आणि तिसऱ्या तुकड्यात आल्या. म्हातारीनं येताना ओच्यात तीन चपटे दगड आणले होते. खाली बसून तिनं ते एकावर एक ठेवले, हात जोडले आणि मग पळसाखालच्या दीक्षाकडं तिचं लक्ष गेलं. म्हातारी बोलकी होती. नाव नर्मदाबाई, वसमतहून आलेली. थोरल्या लेकाला अजून भाड्याच्या घरातून निघणं होईना, म्हणून आली होती.

दीक्षानं विचारलं की ही जागा तुम्हाला कुणी सांगितली. फाटकावरच्या बाईनं?

"कोनी कशाला सांगावं, माय? वर मनोऱ्यावरून चौकोन दिसला. दगडावर दगड दिसला की कळतंय की, हितं घर मागतेत म्हनून. ती तिकिटवाली तर उलटी वरडती. झाडीत जाऊ नका, जुन्या वाटेनं या, म्हनती."

दीक्षाच्या हातातलं पेन थांबलं. तिनं विचारलं, हे पहिले चार-चार दगड कुणी ठेवले असतील.

"ज्याला घर भेटलं त्यानं. बघ की, काय बेस रचलेत. गवंड्याचं काम दिसतंय." नर्मदाबाईनं शेजारचा एक सुटा दगड उचलून दीक्षाच्या ओंजळीत ठेवला. "तू बी ठेव. तुझं व्हायचंय अजून सगळं."

दीक्षाच्या घरात नवस-सायास कधी झाले नव्हते. आजोबांनी ते सोडले त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. देवाच्या डोंगरांवर लोक दगड रचून घर मागतात हे तिनं पाहिलेलं होतं, पण आपण डोळ्यांसमोरून जाणारी गोष्ट बघतो तसं पाहिलेलं. बापाला तर घर हवं असलं की माणूस गवंडी बोलावतो, एवढंच ठाऊक. म्हणून त्या दोघांनी डोंगरावर चोवीस ठिकाणी दगडावर दगड रचला, तोही चौकोनात, तोही मनोऱ्याच्या डोळ्यांखाली, आणि त्यांना तो फक्त टेप लावायचा कोपरा दिसला. जे साऱ्या जिल्ह्याला एका नजरेत वाचता येत होतं ते तिला आलं नव्हतं. कोरे तुकडे तिनंच तुडवून घेतले होते, सहा हाका मारून.

हातातला दगड तिनं कुठं ठेवावा ते तिला कळेना. तो तसाच घेऊन ती खाली उतरली.

फाटकावर गर्दी नव्हती. निता तिच्याकडं न बघता म्हणाली, "उद्यापासून मी न्हाई हितं. काल गार्डानं सांगितलं. कोनाच्या सांगन्यावरून, ते बी सांगितलं."

दीक्षा म्हणाली, "निते, ते दगड माझे होते."

"व्हय की. मला माहीत हाय. जेठात बापाला घेऊन गेलीस तवा मीच फाटक उघडलं."

"मग मला सांगितलं काहून न्हाई? लोकं जाऊन राहिले, तुडवून राहिले..."

निता आता तिच्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. "मला वाटलं तू मुद्दाम मांडलेस. मानसं फशी पडतेत का, कोन कोन येतंय, बघायला. एवढी शिकलेली तू. दगड उगंच कशाला रचशील?"

निता पुढं बोलत राहिली. तिनं आधी लोकांना अडवलं होतं, अडवतच होती, पण अडवूनही जे गेले ते तिनं मोजले होते. दीक्षाच्या कामाला लागतील म्हणून. स्टुलाखालच्या पेटीतून तिनं संपलेल्या तिकीटपुस्तकांचे पुठ्ठे काढले, दोऱ्यात ओवलेले. एकेका पुठ्ठ्यावर एकेक आठवडा. कुठल्या वारी किती माणसं झाडीत वळली, बाया किती, पोरं किती, कुणी दगड कुठून उचलला, काय मागितलं. भादव्यात पाऊस झाला त्या आठवड्यात वाट कशी निसरडी झाली आणि लोकांनी शेजारून दुसरी पाडली. कुठल्या दिवशी गवत पहिल्यांदा उठलं नाही. अक्षर तेच, शाळेतलं, टपोरं, एका रेषेत.

"पहिलीपासून तू मला एक गोष्ट विचारली न्हाईस, दीक्षे," निता म्हणाली. "ना गणित, ना काही. तू जीपमधून सॅक लावून उतरतीस तवा माझ्या बी पोटात दुखतं. पर मी मोजत बसते." तिनं पुठ्ठे पुढं केले. "ने. माझ्या आता काय कामाचे."

दीक्षानं पुठ्ठे घेतले आणि पहिला चाळताच तिला कळलं की हे आपल्या वर्षभराच्या कामापेक्षा चांगलं आहे. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण लाजेच्याही आधी आली ती जुनी, ओळखीची जळजळ. त्या घटकेलाही तीच पुढं होती.

सोमवारी सकाळी ती सेनगावला निघाली. गावातून त्या वेळेला एकच जीप, भागवतची. ती मागं चढायला लागली तर भागवतनं तिला पुढं बोलावलं. निता म्हणली, दीक्षाला पुढं बसव, तिला गाडी लागती. एवढं सांगून त्यानं गिअर टाकला आणि सेनगावपर्यंत सोयाबीनच्या काढणीखेरीज दुसरं काही बोलला नाही. दीक्षा अख्खी वाट समोरच्या काचेवरच्या एका तड्याकडं बघत राहिली.

विश्वंभर साहेबांनी तिचं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की तोंडी तक्रार तुम्ही केलीत, आता मागं घ्यायची तर लेखी घ्या. तिनं लिहून दिलं. झाडीतल्या दगडांच्या खुणा मी मांडल्या. वाट त्या खुणांमुळं पडली. तिकिटावरच्या बाईंनी लोकांना अडवलं, पाठवलं नाही. साहेबांनी वाचून विचारलं, हे विद्यापीठात कळलं तर तुमच्या पदवीचं काय? ती म्हणाली, ते मीच कळवणार आहे. नव्या बाईला कामावर यायचा निरोप गेलाच नाही. निता त्या दिवशी दोन तास उशिरा का होईना, स्टुलावर होती.

व्यंकटराव सर गुरुवारी आले. फाटकाच्या पत्र्याखाली बसून त्यांनी पुठ्ठे एकामागून एक वाचले. चहा निवून गेला. मधून मधून ते निताला काही विचारत, ती सांगे, ते पुन्हा वाचत. दीक्षाला त्या तासाभरात त्यांनी काही विचारलं नाही. ती माठापाशी उभी राहून पेल्यानं पाणी काढत होती आणि तहान नसताना पीत होती.

शेवटी सर म्हणाले की तुलनेचा अभ्यास गेला, त्यावर रडण्यात अर्थ नाही. मात्र एक वाट पहिल्या पावलापासून कशी पडते, कशानं पडते, ह्याची अशी नोंद त्यांनी आजवर पाहिली नव्हती. प्रबंध ह्यावर उभा करा, स्वतःची चूक पहिल्याच प्रकरणात लिहा, आणि परीक्षा सहा महिने पुढं ढकला. दीक्षाच्या बरोबरीच्या मुली उन्हाळ्यात पदवी घेणार होत्या. ती बरं म्हणाली.

हिवाळाभर तिनं लिहिलं. अधूनमधून ती आणि निता मिळून कोऱ्या तुकड्यांतले दगड उचलून बांधावर नेऊन लावत. मुंजाजी एक रविवार आला आणि त्यानं आपले चोवीस मनोरे आपल्या हातानं उतरवले. उतरवताना म्हणाला, एवढी घरं बांधली जन्मात, पर लोकांनी हात जोडावे असं काम हे एकच.

माघात प्रकरण तयार झालं. नोंदींच्या पानावर दीक्षानं लिहिलं होतं: मोजणी, दीक्षा, नोंदी, निता. ती ते फाटकावर घेऊन गेली. निता बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत, ओठ हलवत सगळं वाचत गेली. एका जागी बोट ठेवून थांबली.

"तेरा आठवडे काहून लिहिलेस? चौदा हायेत."

दीक्षा म्हणाली पुठ्ठे तेरा आहेत, मी तीनदा मोजलेत. निता स्टुलावरून उठली. मग पेटीत हात घालून तळाशी ठेवलेला चौदावा पुठ्ठा तिनं काढला. तो दोऱ्यात ओवलेला नव्हता.

त्याच्यावर एकच ओळ होती. आषाढातला तिसरा सोमवार. बाई एक. दगड एक.

"कोन?" दीक्षानं विचारलं.

"तिकीट न फाडता गेलेली," निता म्हणाली. "मला बी आधी कळलं न्हाई तुझं हाय म्हनून. जेठात तुमी टेप घेऊन गेलात एवढंच पाहिलं होतं. सोमवारी फेरीला गेले तर चौकोन दिसला. लोकं करतेत तसं केलं. पुढच्या आठवड्याला बाया जायला लागल्या तवा ध्यानात आलं, हे दीक्षाचं काम. तवाचा हा पुठ्ठा मागून लिहिला. द्यायला लाज वाटली."

"घर मागितलंस?"

"घर हाय की मला." निता हसली, पण दीक्षाच्या डोळ्याला डोळा न देता. "तुझ्यासारखी सॅक मागितली."

दीक्षा पुठ्ठा हातात धरून उभी राहिली. तो काय आहे हे तिला लगेच समजलं. पहिलीपासून ती ह्याची वाट बघत होती: निताची चूक, निताच्याच अक्षरात. हे एक वाक्य पहिल्या प्रकरणात घातलं की वाट एकट्या दीक्षाच्या दगडांमुळं पडली नाही असं ठरलं असतं, आणि विश्वंभर साहेबांच्या टेबलावर एक नवा कागद गेला असता. निताला हे कळत होतं. तरी तिनं पुठ्ठा काढून दिला होता, कारण तेरा हा आकडा चुकीचा होता आणि चुकीचा आकडा तिला बघवला नव्हता.

मग दीक्षाच्या लक्षात आलं की करवंददरीच्या नव्या वाटेवरचं पहिलं पाऊलसुद्धा निताचंच आहे. तीच जळजळ पुन्हा उठली. इतकी जुनी, की तिला जवळजवळ हसू आलं.

तिनं सॅकमधून निळं पेन काढलं आणि निताच्या स्टुलावर वही टेकवली. पहिला आठवडा, असं लिहून पुढं लिहिलं: स्थानिक स्त्री, एक. नाव घातलं नाही. मग पान उलटून वरची ओळ खोडली आणि नव्यानं लिहिली: नोंदी, निता, मोजणी, दीक्षा. शेवटी तेराच्या जागी चौदा केलं.

निता वाकून बघत होती. "अक्षर सुधारलं न्हाई तुझं," ती म्हणाली, आणि फाटकाशी येऊन थांबलेल्या गाडीची तिकिटं फाडायला उठली.